बाठा कुणाचा?

"अगो, आज कोण? सूर थोरल्याचा वाटत नाही, आणि धाकटी एवढं लांबवत नाही. मधली ना?"

काकू नुसत्या रडण्यावरून माणूस ओळखतात. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. अलीकडे आम्ही आणि आमची तीन मुलं. पलीकडे काकू, चार मुलं वाढवून, शिकवून, मुंबई-पुण्याला धाडून मोकळ्या झालेल्या. "मोकळी कसली! आता फोनवर भांडतात," असं त्यांचं म्हणणं. गडग्यावरून विरजण जातं, आमसुलं येतात, आणि सकाळची भांडी घासून झाली की गावभरच्या बातम्या दोन्ही बाजूंनी ये-जा करतात.

"मधलीच. बाठा," मी म्हटलं. पुढचं सांगावं लागलं नाही.

हापूसच्या आंब्याला दोन गाल आणि एक बाठा. गाल आमच्याकडे कुणालाच नको असतात, बाठा तिघांना हवा. तो चोखून पांढरा करायचा, हनुवटीपासून कोपरापर्यंत रस ओघळू द्यायचा आणि शेवटी खळ्याच्या कडेला पुरून 'माझं झाड' म्हणून जाहीर करायचं. तीन आंबे कापले की तीन बाठे निघतात, एवढं गणित थोरल्याला येतं. तिसऱ्या बाठ्याला गर कमी राहिलाय, हे गणित मधलीला येतं.

"सुरी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या. आणि ताटात मीच वाढले."

"मग बोंब तुझ्याच नावाने होणार. थोरल्याला मांडू दे. ज्याने मांडायचं त्याने शेवटी उचलायचं. आधी धाकटी, मग मधली, उरेल तो ह्याचा. सोनारासारखा तोलून मांडील बघ. आमच्याकडे गऱ्यांचं तसंच असायचं. कापा फणस असला तर गरे मोजता तरी येत, बरका निघाला की युद्ध."

"म्हणजे सगळ्यांना सारखं मिळतं?"

"सारखं कुठलं मिळतंय! सारखं देवालाही जमलेलं नाही. डोळ्यांदेखत झालं म्हणजे पुरे. कमी मिळालं तर पोर तासभर रडतं. पाठीमागे दिलं तर जन्मभर लक्षात ठेवतं."

मी म्हटलं, "काकू, बाठ्याचं ठीक आहे, तो वाटता येतो. कुशीचं काय करू? आईला कुशी दोनच असतात. रोज रात्री तिसरं कोण, यावरून रडारड. कुणीतरी माझ्या पायांशी आडवं झोपतं आणि मध्यरात्री पोटावर चढतं."

"कॅलेंडर आहे ना भिंतीवर? त्यावर लिहायचं. आज कोण, उद्या कोण. तू लिहू नको, थोरल्याला लिहायला लाव. धाकटीला वाचता येत नाही, पण आपलं काहीतरी लिहिलंय एवढं तिला कळेल."

हे मी करून पाहिलं. आता आमच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय आणि आईच्या डाव्या-उजव्या कुशीचा ताबा, असं सगळं एकाच चौकोनात नांदतं. घरी आलेल्या पाहुण्यांना ते वाचून दाखवायचं काम मधलीने स्वतःकडे घेतलंय. वाचता तिलाही येत नाही. पाठ आहे.

"आणि परवाची गंमत ऐकलीत का?" मी सांगायला घेतलं. "छत्र्या-दप्तरं घ्यायला तालुक्याला गेलो होतो ना एसटीने, सगळी वरात. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना प्रवास मोफत. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून मला अर्धं. थोरला आठ वर्षांचा, पाच ते बारातला, म्हणून त्यालाही अर्धं. धाकट्या दोघी पाचाच्या आतल्या, फुकट. पूर्ण तिकीट एकट्या ह्यांना."

"घरातला एकच पुरुष पूर्ण भरला म्हणायचा!"

"ऐका तर. थोरल्याने दोन्ही तिकिटं शेजारी धरून पाहिली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलंन, 'आई, तू पण बारा वर्षांच्या आतली?' मागच्या सीटवरचे लोक हसतायत. तेवढ्यात मधलीच्या लक्षात आलं की, आजीला पैसे पडले नाहीत तरी शून्य रुपयांचं का होईना, तिकीट मिळालं, आणि आपल्याला तेवढंही नाही. झालं. जे भोकाड पसरलंन, घाट उतरेपर्यंत थांबेना. फुकट म्हणजे फायदा, हे चार वर्षांच्या पोरीला कोण सांगणार?"

"मग?"

"कंडक्टर भला माणूस. मशीनच्या रोलचा कोरा तुकडा फाडून तिच्या हातात ठेवलान आणि म्हणाला, 'तू अजून आईच्या मांडीवर मावतेस ना, म्हणून तुझे पैसे घेत नाही. पाच पूर्ण झाली की ये, खरंखुरं देतो.' तशी गप्प. तो कागद अजून उशीखाली आहे."

"बघ! त्याने कारण सांगितलंन," काकू म्हणाल्या. "आपण काय सांगतो? 'गप बस, तुला नसतं.' नसतं का, ते कुणी सांगतच नाही."

कारण सांगण्यात आमच्या अंगणवाडीच्या ताईंचा हात कुणी धरणार नाही. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. थोरल्याला गोळी शाळेत मिळाली, दोघींना अंगणवाडीत. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना अख्खी गोळी आणि एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी, असा हिशेब असतो. धाकटीची दोन वर्षं भरायची होती. मधलीने घरी येऊन बढाई मारली, "मला अख्खी, हिला अर्धीच!" जंतांच्या गोळीतसुद्धा आपल्याला जास्त मिळाल्याचा तो आनंद! तो टिकला धाकटीची गोळी आठवेपर्यंत. धाकटीची अर्धी गोळी चुरडून, पाण्यात कालवून, चमच्याने भरवली होती. हिला मात्र 'चावून खा' म्हटलं. चमच्यावरून संध्याकाळपर्यंत रुसवा.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तिला समोर उभं करून सांगितलं, "तुला दात किती? हिला किती? हिने तशीच घेतली तर घशात अडकेल. तू मोठी आहेस, तुला चावता येतं." मधलीने खरंच दोघींचे दात मोजले, तेव्हा कुठे पटलं.

आहाराचंही तेच. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण अंगणवाडीत बसून मिळतं, तीनच्या आतल्यांचा आहार पाकिटातून घरी येतो. त्यामुळे धाकटीला वाटतं मधली रोज मेजवानीला जाते, आणि मधलीला वाटतं हिला घरपोच भेट येते. वजनाच्या दिवशी मीही विचारलं होतं, "थोरला एवढा होता तेव्हा चांगला गुबगुबीत होता, ही धाकटी अशी का?" ताई म्हणाल्या, "हिचं वजन त्याच्याशी ताडू नका. हिचंच गेल्या महिन्याचं बघा. हिची रेघ वर चाललीय ना, मग झालं."

"आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं गो," काकू म्हणाल्या. "अंगणवाडीची योजना निघाली १९७५च्या गांधी जयंतीला. आमच्या वाडीपर्यंत ती पोचली तोवर माझी चारही शाळेत जाऊ लागली होती. आम्ही सगळ्यांना एकाच मापाने भात वाढायचो. एक अर्धा टाकायचा, दुसरा पातेलं खरवडायचा, आणि मार दोघांनाही."

"आणि थोरल्याचं काय करायचं, काकू? गणवेश नवा त्यालाच, दप्तर नवं त्यालाच. मधलीला त्याचा जुना रेनकोट, आत मार्करने त्याचं नाव लिहिलेला. तरी तक्रार त्याचीच जास्त. म्हणतो, 'तुम्ही सारखं मला तू मोठा ना, तू मोठा ना म्हणता.'"

काकू थोडा वेळ गडग्यावरचं शेवाळ नखाने उकरत राहिल्या. "मी सात भावंडांत थोरली," त्या म्हणाल्या. "सागरगोटे खेळायचे तेसुद्धा कडेवर एक पोर घेऊन. हात एकच मोकळा, म्हणून डाव्या हाताने झेलायला शिकले. आईला नाही म्हणण्याची सोय नव्हती. पण एक आहे. दिवाळीत ती सगळ्यांदेखत म्हणायची, 'पहिलं उटणं हिला, हिने वर्षभर पोरं सांभाळली.' तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढायची. तुझ्या थोरल्याला काही द्यायला नको. त्याने सोडलं, ते दोघींच्या देखत म्हण."

मग त्यांनी आवाज खाली आणला. काकूंचा आवाज खाली आला की बातमी मोठी असते.

"खालच्या वाडीतल्या दोघा भावांचं ऐकलंस? सरकारी मोजणी आणली म्हणे. हद्दीवरच्या कलमावरून."

"ऐकलं. एका झाडासाठी?"

"झाड कसलं! पन्नास वर्षांचं म्हातारं कलम ते, एक वर्ष धरतं आणि दोन वर्षं रुसतं. त्या झाडाच्या आंब्यांच्या दुप्पट पैसे वकिलाकडे गेलेत. मूळ दुखणं पाटल्यांचं आहे. त्यांच्या आईने शेवटच्या आजारपणात आपल्या पाटल्या धाकट्या सुनेला दिल्या. सेवा तिनेच केली होती, द्यायलाच हव्या होत्या. पण दिल्या कुठे, तर स्वयंपाकघरात, दार लोटून. वर्षश्राद्धाला थोरलीने त्या जावेच्या हातात पाहिल्या. तेव्हापासून हद्द सरकलीय. गणपतीत सगळी जमली असताना म्हातारी म्हणाली असती ना, 'हिने माझं केलं, ह्या हिला,' तर कुणाची हूं की चूं करायची छाती नव्हती."

"आणि बहीण?"

"तिला बोलावलंय हक्कसोडपत्रावर सही करायला. एरवी पेढ्याचा पुडा पाठवायचं सुचत नाही, पण सहीला गाडी पाठवतात! आपल्या राज्यात १९९४ साली मुलींना वडिलार्जितात मुलासारखा हक्क आला, २००५ साली अख्ख्या देशात. ह्यांना ते वकिलाने सांगितल्यावर कळलं. ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'सही देईन, मला जमीन नको. पण आधी घरात बसून विचारा तरी मला काय हवंय ते.' तेवढं काही दोघांना जमत नाहीये."

मी मनातल्या मनात आमच्या तिघांची सातबाऱ्यावर नावं लावून पाहिली आणि घाईघाईने पुसून टाकली. पण काकूंचं पटलं. ही माणसंही कधीतरी तीन-चार वर्षांची असणार, आणि अशाच कुठल्या तरी बाठ्यावरून रडली असणार. तेव्हा हिशेब समोर मांडला गेला असता, तर आज मोजणीवाल्याची साखळी ओढायची वेळ आली नसती. आमच्याकडे आता खाऊ लपवून द्यायचा नाही, असं मी त्याच दुपारी जाहीर केलं. ह्यांनी धाकटीच्या हातात गुपचूप चॉकलेट ठेवायची सवय सोडावी, सासूबाईंनी नातवाला देव्हाऱ्यामागून खडीसाखर देऊ नये. ह्यांनी मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "तो प्रसाद आहे." चर्चा तिथेच थांबली.

एवढी कडक शिस्त लावून मी दुसऱ्या दिवशी काकूंना अभिमानाने सांगत होते. तेवढ्यात मधली गडग्याशी आली, टाचा उंचावून दोन्ही हात वर केले आणि अगदी रोजच्या सवयीने म्हणाली, "काकूआजी, आजची फणसपोळी?"

काकू एकदम कढीपत्त्याच्या झाडाकडे बघायला लागल्या.

"रोज?" मी विचारलं.

"रोज कुठे! जरा... येते बिचारी."

"आणि ते डोळ्यांदेखत वगैरे काय झालं?"

"ते घरात!" काकूंनी पदर खोचला. "आईने पक्षपात करायचा नाही. शेजारणीला कुणी बंदी केलीय? थोरल्याचं कौतुक त्याची आजी करते, धाकटीला बाप उचलून फिरतो. मधली कुणाची? मग म्हटलं, माझी असू दे."

बोलायला मला काही सुचेना. मुलगी तोवर फणसपोळीची गुंडाळी तोंडात कोंबून पळाली होती. तिच्या चालीत एक ऐट होती, घरातल्या कुठल्याच वाटणीत तिला न मिळालेली. मी विचार केला, घराचा कायदा घरात चालू दे, गडग्यापलीकडे आपली हद्द नाही.

"पण काकू, बाकी दोघांना कळलं तर?"

"थोरल्याला कळलंय. गप्प राहायचे म्हणून तो दोन नेतो."

"आणि धाकटी?"

"तिला बोलता येऊ दे की आधी! आणि तिच्यासाठी पलीकडच्या गडग्यावरच्या वैनी आहेत ना. सगळंच मी करू होय?"