मोटारसायकलची उलटतपासणी

किक मारून गाडी सुरू करण्याच्या काळात गाडी आणि तिचा धनी यांच्यामध्ये तिसरे कोणी नसे. गाडी रुसली तर प्लग काढून पुसावा, स्कूटर असल्यास तिला एका अंगावर कलती करून तिची मनधरणी करावी आणि पुन्हा एकवार पायाचा जोर लावावा, एवढाच तो व्यवहार. त्यात धन्याच्या पोटऱ्या भरून येत, क्वचित किक उलटून नडगीही सोलवटे, पण दप्तरदिरंगाई म्हणून ठाऊक नव्हती. ती बटणाबरोबर आली.

आणि बटण काही कालपरवाचे नव्हे. १९१४ साली अमेरिकेतील 'इंडियन' कारखान्याने 'हेंडी स्पेशल' नावाची, विजेवर सुरू होणारी मोटारसायकल मोठ्या डौलाने बाजारात आणली. परंतु त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलवेना, आणि कारखान्याला तो उद्योग लवकरच आवरता घ्यावा लागला. पुढे १९६९ साली होंडाच्या साडेसातशे सीसीच्या गाडीने बटणाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हा त्या धोरणी जपानी मंडळींनी शेजारी किकही ठेवली होती. आमच्या गाडीला ती नाही.

हल्लीच्या गाडीचे बटण दाबणे हे तिला सुरू करण्याविषयी रीतसर अर्ज करण्यासारखे आहे. हा अर्ज किल्लीपाशी दाखल होतो, फ्यूजची चौकी ओलांडतो, हँडलवरच्या तांबड्या स्विचची हरकत नसल्याची खात्री करून घेतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे, नसल्यास क्लच दाबलेला आहे आणि साइड स्टँडही वर घेतलेला आहे, असे दाखले जोडून रिलेच्या कचेरीत रुजू होतो. रिले हा अंगाने लहान पण अखत्यारीने थोर असा अंमलदार. बटणाकडून आलेल्या क्षीण प्रवाहासरशी त्याच्या पोटातली लोखंडी दांडी ओढली जाते, तांब्याची दोन टोके जुळतात आणि बॅटरीच्या खजिन्यातून स्टार्टर मोटरीकडे दांडगा प्रवाह सुटतो. 'टक' असा जो ध्वनी ऐकू येतो, तो या अंमलदाराच्या शिक्क्याचा.

तेव्हा हातात पाना घेण्यापूर्वी कान द्यावा. काहीच ऐकू आले नाही, तर अर्ज रिलेपर्यंत पोचलेलाच नाही, वाटेत कोणीतरी दाबून बसले आहे, असे समजावे. मोटर जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल तर ते खातेच निराळे. तेथे ठिणगी आणि पेट्रोल यांच्याकडे चौकशी करावी. परंतु सर्वांत करुण प्रकार 'टकटकटकटक' हा होय. शिक्का उमटतो, मोटर प्रवाह मागते, त्या मागणीसरशी विजेचा दाब इतका ढासळतो की शिक्का धरून ठेवण्याचेही त्राण रिलेत उरत नाही. तो सुटतो, मागणी थांबते, दाब सावरतो, आणि लगेच पुन्हा शिक्का. तिजोरीत खडखडाट असताना मंजुरीचे हुकूम धडाधड सुटावेत, तशी ही गत.

एका पावसाळी सकाळी आमच्या गाडीने हाच कारभार मांडला. वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे शेजारी नाना यांनी "फ्यूज!" असा निकाल जिन्यावरूनच देऊन टाकला. ज्याअर्थी रिले वाजतो आहे त्याअर्थी फ्यूज शाबूत असावा, असे मी विनयपूर्वक निवेदन केले. त्यावर "अहो, उभा जन्म फ्यूज बघण्यात गेला माझा," असे म्हणून त्यांनी ते फेटाळले.

एवढ्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने सीट काढली आणि मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या वायरींच्या टोकांना टेकवल्या. १२.६ व्होल्ट. "बॅटरी ठणठणीत! फ्यूजच बघ तू," नाना म्हणाले. परंतु स्वस्थ बसलेल्या साक्षीदाराची जबानी नेहमीच ठणठणीत असते.

"काका, आता बटण दाबून धरा," मेकॅनिक म्हणाला. मी दाबले. टकटकटक, आणि आकडा कोसळून सातापर्यंत आला. जमलेल्या मंडळींनी बॅटरीला तत्काळ दोषी ठरवले. नवी कोठे स्वस्त मिळते याची माहितीही दोघांनी परस्परविरोधी दिली. मेकॅनिकने मात्र वायरीवरच्या सुया उचलून जेमतेम बोटभर अलीकडे, खुद्द बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर ठेवल्या आणि मला पुन्हा बटण दाबायला लावले. आकडा बारांच्या वर, अढळ! बॅटरी उलटतपासणीतही टिकली होती. खजिन्यातून निघालेली रक्कम त्या बोटभर अंतरातच गडप होत होती. त्याने स्क्रू ढिला करून थिंबल उचलले. खाली पांढरट-हिरवट पूड साचली होती, आणि तिच्यामुळे वायर बॅटरीला नुसती चिकटून असूनही विजेच्या दृष्टीने तिच्याशी फटकून होती.

पॉलिश पेपरने दोन्ही अंगे घासली गेली, स्क्रू आवळला गेला, वर व्हॅसलीनचे बोट फिरले. बटण दाबताच इंजिनाने असा हुंकार दिला की जणू मधल्या तासाभराच्या घटनांशी त्याचा काही संबंधच नव्हता. मेकॅनिक पैसे मोजून घेत होता, मंडळी पांगत होती, आणि नाना गाडीजवळ वाकून काहीतरी न्याहाळत होते.

"जरा बंद करा बघू," ते म्हणाले, "फ्यूज एकदा पाहून घेऊ."

मी पहिला गिअर टाकला.