मास्तर, आवाज येतोय का?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रविवारी सकाळी साडेआठ वाजता एखाद्या बेसमेंटमधून ‘मास्तर, आवाज येतोय का?’ असा पुकारा ऐकू आला, तर आत ऑनलाइन शागीर्द बसला आहे असं खुशाल समजावं. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड. नोकरी सॉफ्टवेअरची. लहानपणी तबल्याच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत मजल, पुढे दहावी आडवी आली. 2010 साली ‘नटरंग’ पाहून थिएटरातून बाहेर पडतानाच त्याने ठरवलं होतं की ढोलकी शिकायची. त्यानंतर ठरवण्यातच दहा वर्षं गेली. सामान जमवायला मात्र एक शनिवार-रविवार पुरला.

माइक आला, रिंगलाइट आला, भिंतींना चिकटवायचा फोम आला, लेहरा वाजवणारं अ‍ॅप उतरवून झालं. ढोलकी तेवढी राहिली. ती पुण्याहून सासूबाईंच्या सामानातून आली. तिला जागा करण्यासाठी दोन किलो मेतकूट आणि नातवासाठी विणलेला स्वेटर मागे ठेवावा लागला. जावयाने वाजवलेला प्रत्येक बोल सासूबाई त्या मेतकुटाशी ताडून बघतात आणि व्यवहार तोट्यात गेला असं त्यांचं ठाम मत आहे.

मास्तर असतात जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या आसपास. ‘तमाशापंढरी’ म्हणतात ती हीच. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात आणि फडाच्या वर्षाचं गणित त्या थोड्या दिवसांवर बसतं. 2020 साली पाडवा होता 25 मार्चला आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. यात्रा बंद, तंबू गुंडाळलेले, ढोलकी खुंटीला. पुढच्या वर्षीही तेच. फडात उभी हयात गेलेला एखादा मास्तर पुतण्याने मोबाईल हातात दिल्यावर शिकवायला बसला, तो काही डिजिटल क्रांती करायला नव्हे. घरात चूल होती आणि ती पेटवायची होती.

गुरू-शिष्याचं नातं इथे पहिल्याच मिनिटाला उलटं होतं. शिष्य वाकून ‘नमस्कार गुरुजी’ म्हणतो आणि गुरुजी म्हणतात, ‘बोला साहेब.’ शिष्य विचारतो, ‘अभ्यासक्रम कसा आहे?’ मास्तर म्हणतात, ‘वाजवायचं.’ शिष्य विचारतो, ‘नोटेशन पाठवाल का?’ मास्तर म्हणतात, ‘हातात बसलं की झालं.’ शिष्य वहीत लिहून घेतो : नोटेशन – हातात.

पहिला महिना वाजवण्यात जात नाही, ऐकू जाण्यात जातो. झूम घडलं ते ऑफिसातल्या मीटिंगांसाठी. माणूस बोलला की ते त्याला पुढे करतं आणि टकटक, खडखड, ठोकाठोक आली की नको असलेला गोंगाट म्हणून गाळून टाकतं. ढोलकी वाजू लागली की हे यंत्र आपलं कर्तव्य बजावतं. पलीकडे मास्तरांना एक घामाघूम गृहस्थ तोंडाने ‘धागे नाती नक धिन’ म्हणत निःशब्दपणे हात हलवताना दिसतो. पुढे शिष्याला शोध लागतो की संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती सुरू केल्यावर मास्तरांना प्रथमच खरा आवाज ऐकू येतो आणि ते थोडा वेळ काही बोलत नाहीत.

मग शिष्याच्या डोक्यात येतं, ‘आपण एकत्र वाजवू या.’ हे होणे नाही. मधलं अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जेमतेम दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे तार अगदी नाकासमोर टाकली, तरी साठेक मिलिसेकंद वाटेतच गेले. प्रत्यक्षात वळसे, थांबे आणि घरचं वायफाय मिळून हा उशीर कितीतरी वाढतो. वादकांची जोडी पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढे डगमगू लागते. त्यामुळे मास्तर त्याला ऐकून सावकाश होतात, तो मास्तरांना ऐकून आणखी सावकाश होतो आणि द्रुत लयीतला कहरवा बघता बघता अंत्ययात्रेला लागतो. अखेर तह होतो : मास्तर वाजवतील तेव्हा शिष्याने म्यूट व्हायचं. फडातल्या जुन्या वस्तादांनीही पोराला वर्षभर नुसतं ऐकायला बसवलं असतं, पण तेव्हा त्यासाठी बटण नव्हतं.

दिशेचा घोळ वेगळाच. ढोलकीचं उजवं तोंड शाईचं, टणत्कार करणारं; डावं धूमचं, आतून मसाला लावलेलं, मनगट रेटून घुमवायचं. मास्तर समोर बसलेले असल्याने त्यांचा उजवा हात पडद्यावर डावीकडे दिसतो. शिष्याला स्वतःची छबी मात्र झूम आरशासारखी दाखवतं. दोन चौकटी शेजारी ठेवून त्याने बुद्धी चालवली, ढोलकी फिरवून घेतली आणि महिनाभर शाई डाव्या हाताने बडवली. मास्तरांनी विचारलं, ‘साहेब, तुम्ही डावखुरे का?’ साहेबांनी आधी कॅमेऱ्याचं सेटिंग तपासलं.

ढोलकी सुलट झाली, तरी डावा हात सुधारला नाही. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही. मास्तर ज्या घुमाऱ्यासाठी तीन-तीनदा मनगट रेटून दाखवतात, तो एडिसनला पोहोचेपर्यंत ‘टुक’ उरतो. शिष्य ते टुक प्रामाणिकपणे घोटतो.

ज्ञानात मात्र तो कुणाला हार जात नाही. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हा क्रम त्याला पाठ आहे. ढोलकी-फडाचा तमाशा वेगळा आणि संगीत बारी वेगळी, हे तो ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्यालाही समजावतो. विठाबाई नारायणगावकरांनी खेळ चालू असताना पडद्यामागे मूल जन्माला घातलं आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत सांगताना त्याचा गळा दाटतो. त्याच आठवड्यात तो मास्तरांना कळवतो की सर्दीमुळे या रविवारी जमणार नाही.

त्याचा लाडका दाखला शाहीर पठ्ठे बापूरावांचा. ‘तेसुद्धा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णीच होते!’ हे तो अशा थाटात सांगतो की जणू रेठरे हरणाक्षला त्याची भाऊबंदकी आहे. बापूरावांनी फडासाठी घर सोडलं, गोत सोडलं. आपला शिष्य बेसमेंट सोडायला तयार नाही. त्याचे आजोबा यात्रेत तमाशाच्या तंबूवरून जाताना पोरांचे कान झाकत. तंबूतली माणसं कोणत्या वस्तीतून येतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नातू त्याच वस्तीतल्या माणसाला तासाचे डॉलर मोजतो आणि वर प्रमाणपत्र मागतो. मास्तरांनी ते पुतण्याकडून छापून घेतलं. सोनेरी किनार आहे.

मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासभर सरकतात. शिष्य दोन दिवस आधी सविस्तर निरोप धाडतो. ‘आमच्याकडं सूर्य कालच्याच टायमाला उगावला,’ असं कळवून मास्तर जुन्याच वेळेला येऊन बसतात. थंडीत तिकडे घरातला हीटर हवा कोरडी करतो, पुडी ताणली जाते, सूर चढतो; पावसाळ्यात इकडे मास्तरांची ढोलकी उतरते. एका वर्षात दोन ऋतू दोन ढोलक्यांशी भांडतात. आणि चैत्र लागला की शिकवणी बंद. मास्तर पुन्हा फडाबरोबर बाहेर पडलेले असतात. शिष्य चिडून विचारतो, ‘पुढचा स्लॉट कधी?’ उत्तर येतं, ‘यात्रा झाल्यावर.’ मागे हलगी कडाडत असते; झूमने ती गाळली असती. बरं की हा आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपचा असतो.

खरी अडचण मास्तरांनी एकदाच सांगितली. ‘साहेब, ढोलकी कमरेला बांधून, उभं राहून, बाईच्या पायाकडं बघून वाजवायची असती. पाय थांबला की हात थांबला पाहिजे.’ शिष्याच्या पडद्यावर माणसं छातीपासून वर दिसतात. त्याने बायकोला विनंती केली की रोज दहा मिनिटं समोर थोडे पाय हलवशील का. तिने पाय हलवले आणि वरच्या मजल्यावर गेली. तेवढ्या वेळात त्याचा ठेका प्रथमच कुणाच्या तरी चालीवर बरोबर पडला.

मग महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव आला. मंडळातल्या भगिनींची लावणी ठरली. गाणं रेकॉर्डवर, त्यात मूळची ढोलकी मुबलक. शिष्याने पट्टा कमरेला बांधला, फेटा चढवला आणि रेकॉर्डबरोबर वाजवलं. सभागृहाने शिट्ट्या मारल्या. कोणत्या ढोलकीला मारल्या, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. रात्रीच व्हिडिओ नारायणगावला रवाना झाला.

दोन दिवसांनी मास्तरांचा निरोप आला : ‘लई भारी साहेब. फक्त त्यातलं तुमचं कुठलं आणि रेकॉर्डमधलं कुठलं, तेवढं सांगा. मला काय कळंना.’

त्या संध्याकाळपासून शिष्याच्या स्टेटसवर फेट्यातला फोटो आहे. खाली लिहिलंय : ‘मूळ रेकॉर्डिंगपासून वेगळं ओळखता येत नाही – गुरुजी.’