बिबट्या उसात, ॲडमिन पिंजऱ्यात

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके. चारही तालुक्यांत ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि बिबट्यासाठी गावोगाव व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. गावाला निदान दोन. एक बिबट्याची खबर द्यायला आणि दुसरा पहिल्यातून काढलेल्यांचा.

वास्तविक काम चोख चाललेलं असतं. रात्रीच्या लायटीला दारं धरायला गेलेला पोरगा दोन ओळी टाकतो, ‘ओढ्याकडेला आत्ता दिसला, वस्तीवरच्यांनी पोरं आत घ्या.’ पाच मिनिटांत त्याखाली दादा उगवतात. दादांकडे कायम व्हिडिओ असतो. बिबट्या थेट एसटी स्टँडवर उभा, आणि नीट पाहिलं तर त्याला पाचवा पाय. खाली चौदा हात जोडलेले, तीन ‘वनखातं झोपलंय का’ आणि एक शुभरात्री. पोराची ओळ गेली वर, उसापेक्षा खोल.

हसण्यावारी नेण्यासारखं हे राहिलेलं नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन जीव गेले, मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नेमके त्याच सुमारास एआयनं जन्माला घातलेले बिबटे मोबाइलमध्ये हिंडत होते, आणि खऱ्याचा माग काढायच्या धांदलीत खोट्यांचाही खुलासा करणं वनखात्याच्या गळ्यात पडलं.

मग दादांना काढत का नाहीत? काढतील कसे! दादा सरपंचांचे मेहुणे, आणि पिंजरा हलवायला लागणारी पिकअप त्यांचीच. शिवाय काढणं जोखमीचं. फुरसुंगीत डिसेंबर २०२२ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवरून एकाला काढलं म्हणून काढणाऱ्याला मारहाण झाली, जीभ जायबंदी झाली. बरं, न काढावं तर? गोंदिया जिल्ह्यात ग्रुपवर एका सदस्यानं महिलेला उद्देशून घाण लिहिलं, तर त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरच गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला. समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्याच्या लिखाणाला ॲडमिन जबाबदार नाही. त्याच्या हाती सदस्य घेणं आणि काढणं, एवढंच मर्यादित.

पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपनं तिसरंही हाती दिलं. कुणाचाही मेसेज ॲडमिननं सर्वांसाठी पुसावा. माणूस राहील, पाचवा पाय जाईल. या बटणाला आपल्याकडे गिऱ्हाईक नाही. कारण भांडण व्हिडिओचं असतंच कुठे? ते सोसायटीच्या निवडणुकीचं असतं, नाहीतर बांधाचं. व्हिडिओ नुसतं निमित्त. दादांनी खरा बिबट्या टाकला असता तरी समोरच्या पार्टीनं आधी त्याचं गाव विचारलं असतं.

यावर शहाण्या ॲडमिनचा तोडगा म्हणजे ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’. लगेच शांतता. आता रात्री दोनला उसाच्या सरीत उभ्या पोराला डोळे चमकलेले दिसतात आणि लिहायची सोय नसते. लिहायची सोय ज्याला आहे तो घरात पंखा लावून झोपलेला. बडबड्याचं तोंड बांधायला निघालेल्यांनी पहारेकऱ्याचं बांधलं. यापेक्षा दादा परवडले म्हणायची पाळी.

तंटामुक्त गाव मोहीम निघाली २००७ साली, आर. आर. आबांच्या काळात. बांध, वाट, पाणी, भाऊबंदकी, सगळं गावातच समोरासमोर मिटवायचं. ‘मला रिमूव्ह का केलं’ हा तंटाही त्याच सतरंजीवर घ्यायला हरकत नव्हती. ॲडमिन इकडे, दादा तिकडे, वनरक्षक मधे, आणि चहा येण्याआधी तीन गोष्टी वदवून घ्यायच्या: दिसला तर गट कुठला, वेळ काय, स्वतः पाहिला की कुणी पाठवला? तिसऱ्या प्रश्नाला दादा चहाच मागतील. मागू देत. पण ते ग्रुपात राहिलेले बरे.

कारण ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची पिल्लं फडात सापडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची मंडळी ती तिथेच ठेवून आईची वाट बघतात, आणि तोवर आसपास कुणी फिरकायचं नसतं. अशी पिल्लं उद्या दादांच्याच फडात निघाली, तर फोटो आधी कुठल्या ग्रुपवर पडेल आणि बघायला किती पिकअप येतील, याचा हिशेब ॲडमिननं आजच करून ठेवावा.