आधी पोरांचं ऐका

फुकट म्हटलं की आपण दोन गोष्टी धरूनच चालतो. माल दुय्यम असणार, आणि उशिरा गेलं तरी बिघडत नाही.

दोन्ही चूक.

पटत नसेल त्याने डिसेंबरात ग्वाल्हेर गाठावं. तानसेन समारोह. देशातले नामवंत गाणारे-वाजवणारे येतात आणि कुणीही जाऊन ऐकावं, तिकीट नाही. १९२४ साली शिंद्यांच्या राज्यात तानसेनाच्या समाधीवरचा उरूस म्हणून हे सुरू झालं. २०२४ साली शंभरावा समारोह झाला. मधल्या काळात संस्थान गेलं, दरवाजा उघडाच राहिला.

जागाही कुठली? हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांचा भव्य मकबरा. चारी बाजूंना दगडात कोरलेल्या जाळ्या, ऊन आत येताना त्यांची नक्षी फरशीवर पाडतं. त्याच आवारात तानसेनाची समाधी. इतकी लहान, की नवखा माणूस आधी मोठ्या घुमटाकडेच हात जोडतो. निम्मे गवई ज्याच्या नावाशी आपलं घराणं जोडतात, त्याला खांबांवरची एक छोटी छत्री पुरली.

शेजारी चिंच. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणे. पिढ्यान् पिढ्या लोकांनी पाला ओरबाडला. मूळ झाड गेलं, आता दुसरं आहे. पाल्याने गळा येत असता तर पहाटे उठून खर्ज कुणी लावला असता?

समारोहाची सुरुवात शहनाईने होते. मग हरिकथा, मग मीलाद, मग चादर. हरिकथा ढोलीबुवांच्या मठाची, म्हणजे मुळात मराठी वळणाची. एका पीराच्या अंगणात बुवा हरिकथा सांगतात आणि त्याच मांडवात मीलाद पढला जातो. हे पाहायला दिल्लीच्या कॅमेऱ्यांनी रांग लावायला हवी. ते येतात संध्याकाळी, नाव मोठं असेल तेव्हा.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते.

या समारोहातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मोठ्या नावाआधी घडते. प्रत्येक सभा ध्रुपदाने सुरू होते, आणि ते ध्रुपद गातात शहरातल्या संगीत महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि शिक्षक. माधव संगीत महाविद्यालय, शंकर गांधर्व महाविद्यालय, अशा संस्था आळीपाळीने. समोर समाधी, वर थंड आभाळ, आणि विशीतली पोरं चौतालात. बारा मात्रांचं चक्र, चुकलं तर लपायला जागा नाही.

त्या वेळी श्रोते काय करतात? जागा शोधतात.

कुणी शाल पसरून चौघांची जागा धरतो, कुणी लांबूनच ओळखीच्याला हाक मारतो, चहाचा पेला हातात घेऊन कुणी पुढच्या रांगेतून आरामात आडवा जातो. म्हणायचं एकच, ‘अजून सुरू व्हायचंय.’ सुरू झालेलं असतं हो. तुमचे कान यायचे असतात.

मी मुद्दाम पुढे बसून पाहिलंय. पखवाजावरचा मुलगा पिशवीतून ओली कणीक काढतो, डाव्या तोंडावर थापतो, एक थाप, कान लावून ऐकणं, चिमूटभर कणीक काढणं, पुन्हा थाप. डिसेंबरातल्या थंडीत बोटं आखडलेली. शेजारी तंबोऱ्याची तार एकसारखी उतरतेय, मुलगी ती पुन्हा पुन्हा चढवतेय. दोघांच्या चेहऱ्यावर भीती स्वच्छ दिसते. मग पहिली सम येते, जिथे यायला हवी तिथेच, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यासाठी मी पुन्हा हजार किलोमीटर जाईन.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतो, ‘मेन आर्टिस्ट कधी?’

मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपलं गाणं कुठून आलं? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि १९०१ साली त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उलट दिशेनेही वाट वाहती होती. १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं ते माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने आणि भातखंड्यांच्या आखणीने. त्याच्या चार वर्षं आधी कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावाने शाळा काढलीच होती. शिंद्यांचं शहर, मुंबईचे वकील भातखंडे, पंडितांचं घर. परकं काय आहे यात?

आणि एक मुलगा आठवा. गदगहून घर सोडून पळालेला, गाडीत गाऊन तिकीट तपासनिसांची समजूत काढणारा. त्याने गाठलं ग्वाल्हेर. हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने त्याला माधव संगीत शाळेत जागा मिळाली. पुढे १९५३ साली याच भीमसेनांनी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथल्या तिकिटासाठी आपण भल्या सकाळी रांगेत उभे राहतो. पण ग्वाल्हेरच्या मांडवात चौताल धरणाऱ्या पोरासाठी वेळेवर जागेवर बसणं जमत नाही.

मोठ्यांचं कौतुक करायला अक्कल लागत नाही. नाव छापलेलंच असतं.

आता आकड्यांकडे वळू, कारण आजकाल संगीतही मोजूनच पटतं. २०२३ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १,२८२ तबलावादक एकत्र वाजले. गिनीज बुकात नोंद झाली. पुढच्या वर्षी ५४६ वादक, पुन्हा नोंद. मुलांना किल्ल्यावर वाजवल्याचा आनंद झाला असेल, तो मी हिरावून घेत नाही. पण हजार तबल्यांत एकाचा हात चुकला तर कळतं कुणाला? एकट्या पखवाजावर चुकला तर सगळ्या मांडवाला कळतं. शिक्षण त्या चुकण्यात असतं. विक्रमात चूक ऐकूच येत नाही.

मंचाचंही तेच. अलीकडे मागे एखाद्या प्रसिद्ध वास्तूची भव्य प्रतिकृती उभारतात. कारागिरी सुरेख असते. पण खरा मकबरा पन्नास पावलांवर असताना खोट्या भिंतीकडे तोंड करून का बसायचं? जुनी जागा काही मागत नाही, फक्त तिला झाकू नका.

समारोहाच्या एका सभेसाठी सगळे बेहटला जातात. तानसेनाचं गाव, झिलमिल नदीचा काठ, एका अंगाला कललेलं महादेवाचं देऊळ. त्याच्या गाण्याने देऊळ कललं अशी कथा आहे. गावकरी ती कथा पाठ असल्यासारखी सांगतात आणि मग निमूट बसून ऐकतात. रागाचं नाव माहीत नसेल, पण बसल्यावर उठत नाहीत. शहरातले जाणकार एवढं शिकले तरी पुष्कळ.

आता घराकडे.

आपल्याकडे संगीत शिकणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, परीक्षांमागून परीक्षा. एक खोली, एक परीक्षक, एक पेटी. यमनचा आलाप करा, आता तान घ्या, आता ताल हातावर द्या, पुढचा. प्रमाणपत्र मिळतं. पण समोर पन्नास अनोळखी माणसं बसली की आवाज कुठे लावायचा, कुणी उठून गेलं तर लय कशी सांभाळायची, हे कुठल्या परीक्षेत विचारतात? ते श्रोताच शिकवतो. आणि तो श्रोता आपण देत नाही.

एका सभागृहात नुकताच गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी चालतं. प्रवेश विनामूल्य. पुढच्या तीन रांगा पांढऱ्या कापडाने राखलेल्या. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणखी एक शाल, मनोगत. चाळीस मिनिटं गेली. मग निवेदिका म्हणाली, वेळेअभावी विद्यार्थ्यांचं गायन थोडक्यात. थोडक्यात म्हणजे एक बंदिश. विलंबित ख्याल घोटून आलेली मुलगी द्रुताच्या चार आवर्तनांत उठली. तिची आई दोन गाड्या बदलून आली होती. राखलेल्या तीन रांगा शेवटपर्यंत अर्ध्या रिकाम्या होत्या.

फुकट कार्यक्रमाची किंमत त्या मुलीने भरली.

जागा नाहीत म्हणता? शहराशहरांत वाडे आहेत, घाट आहेत, देवळांचे लाकडी सभामंडप आहेत. जुन्या सभामंडपात माइकशिवाय तंबोरा शेवटच्या खांबापर्यंत पोचतो, बसून बघा. भातखंडे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. तिथल्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर मैफली झालेल्या आहेत. दर महिन्याला एका संगीत विद्यालयाची मुलं तिथे संध्याकाळी तासभर गायली, तर काय लागेल? एक सतरंजी, दोन तंबोरे, आणि भाषण न करण्याची लेखी हमी. लग्नाआधीचे फोटो काढायला जुन्या भिंती भाड्याने मिळतात. मग मारव्याला का मिळू नयेत?

‘पण लोक येतील का?’ हा नेहमीचा प्रश्न. पहिल्या महिन्यात बारा येतील. त्यातले चार नातेवाईक असतील. उरलेले आठ पुढच्या महिन्यात मित्राला घेऊन येतात, एवढं मी पाहिलेलं आहे. शंभरावा समारोह पहिल्या वर्षी कुणी भरवला नव्हता.

ग्वाल्हेरला जाणार असाल तर एवढंच करा. सभेच्या वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा. थंडी असते, जाड शाल न्या. चहा बाहेर संपवा. पत्रिकेत मोठ्या अक्षरांतल्या नावांच्या वर एका महाविद्यालयाचं नाव लहान अक्षरांत असतं, ते आधी वाचा आणि त्यासाठी बसा.

ध्रुपद संपलं की पखवाजवाला मुलगा बोटाने कणीक खरवडून कागदात गुंडाळतो. त्या वेळी मांडव भरायला लागलेला असतो. मागच्या वेळी त्याने मान वर करून गर्दीकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेत आधीपासून बसलेल्या आम्हा दहा-पंधरा जणांकडे पाहिलं, आणि आम्हालाच नमस्कार करून उतरला.