गाडी एकाची, कोंडी घराची

अमेरिकेला गेलेल्या मराठी घरातून पहिल्या काही महिन्यांत एक फोटो हमखास येतो. नवी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि शेजारी हसरं कुटुंब. गाडी हवीच. टेक्सासच्या उपनगरात तिच्यावाचून मीठसुद्धा आणता येत नाही. पण त्या फोटोतल्या किती जणांना ती चालवता येते, हे कुणीतरी विचारायला हवं. बहुतेक घरांत उत्तर एकच: एकाला.

तो एक जण गाडी घेऊन कामावर गेला की मागे राहिलेल्यांचं जग अंगणापाशी संपतं. एच-४ या जोडीदारासाठीच्या व्हिसावर गेलेली बायको इथे नोकरी करत होती, स्कूटरवरून अर्धं पुणं पालथं घालत होती. तिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी तिला नवऱ्याच्या मीटिंगा संपायची वाट बघावी लागते. सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा तर तिच्याहून अडकलेले. डोंबिवलीत, सांगलीत ज्यांनी दूध, भाजी, बँक, देऊळ आयुष्यभर पायी केलं, ती माणसं शनिवारवर डोळे लावून बसतात. आणि मुलगा मित्रांना सांगतो, "बाबांना इथे करमत नाही." अरे, त्यांना घराबाहेर पडता येत नाही!

ही कोंडी कायद्याने घडवली आहे. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीची वापरानुसार विभागणी वैध ठरवली. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, या रचनेला त्याने मोठं बळ मिळालं. १९५६च्या कायद्याने ४१ हजार मैलांच्या महामार्गांचं जाळं मंजूर केलं आणि वस्त्या शहरांपासून आणखी लांब सरकल्या. आज नकाशावर मैलभरावर दिसणारं दुकान प्रत्यक्षात सहापदरी रस्त्यापलीकडे असतं आणि फुटपाथ मध्येच संपतो. सत्तरीच्या माणसाने तिथे जायचं कसं?

यावर आपल्या लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे दुसरी गाडी. पण गाडीआधी लायसन्स लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. "आधी मी सेट होतो, मग तू शीक," हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. मला ते मान्य नाही. गाडी चालवायची असेल तर नव्या रहिवाशाने कॅलिफोर्नियात दहा दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये तीस दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं असतं. नवरा त्यासाठी धावाधाव करतो. बायकोचं लायसन्स मात्र दुसऱ्या वर्षावर ढकललं जातं.

कारण विचारलं की विम्याचं नाव पुढे येतं. नवशिक्या चालकाचं नाव पॉलिसीत घातलं की हप्ता वाढतो. वाढतोच. भारतात वर्षानुवर्षं विनाअपघात गाडी चालवली असली, तरी बऱ्याच विमा कंपन्या तो अनुभव धरत नाहीत. नव्या माणसाचं क्रेडिटचं, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचं, पान कोरं असतं, आणि कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाई अशी मोजकी राज्यं सोडली तर विम्याचा दर ठरवताना तेही बघतात. पण चाक हातात घेतल्याशिवाय तिचा अनुभव मोजायला सुरुवात तरी कधी होणार? वाढलेला हप्ता हा घरखर्च आहे. किराणा आणि भाडं जसं निमूट भरता, तसाच तोही भरा. शिकवायला पैसे देऊन शिक्षक लावा. नवऱ्याने रिकाम्या पार्किंगमध्ये सुरू केलेली शिकवणी भांडणात संपते आणि शिकणं राहून जातं. शिवाय लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदांना बांधलेली असते. मुदतवाढ आली की दोघांचीही लायसन्सं बरोबरच पुढची करून घ्या.

तरीही लायसन्सने सगळं सुटत नाही. आईबाबांना त्याचा उपयोग नाही. आणि गाडी शिकलेली बायको बघता बघता मुलांची पूर्णवेळ ड्रायव्हर होते: पोहणं, गणिताचा क्लास, रविवारची मराठी शाळा. म्हणून खरा निर्णय घर निवडतानाच घ्यायचा असतो.

न्यू जर्सीचंच बघा. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहिलात तर इंडिया स्क्वेअरची किराणा दुकानं पायी गाठता येतात आणि पाथ रेल्वेने थेट मॅनहॅटनला जाता येतं. त्याच राज्यात ऐसपैस घर आणि हिरवळ बघून आत लांबवर गेलात तर दुधाच्या पिशवीसाठीही किल्ली शोधावी लागते. स्टेशनजवळ भाडं जास्त असतं, हे खरं. मग हिशेब पुरा मांडा. वाहनचालकांच्या ट्रिपल ए या संघटनेने २०२४ साली नवी गाडी बाळगण्याचा आणि चालवण्याचा सरासरी खर्च काढला तो वर्षाला १२,२९७ डॉलर. म्हणजे महिन्याला हजाराच्या वर. दुसऱ्या नव्या गाडीवर जाणारे हे पैसे भाड्यात घाला. एका ड्रायव्हरऐवजी सगळं घर मोकळं होईल.

घर बघताना कंपनीपर्यंत किती मिनिटं लागतात, हे तुम्ही फोनवर तपासताच. त्याच नकाशात 'पायी' निवडा आणि वाचनालय, बाग, किराणा, बसथांबा किती लांब आहे ते बघा. मग तो रस्ता स्वतः चालून बघा. फुटपाथ तुटतो का? सिग्नलला चालणाऱ्यांसाठी बटण आहे का? बर्फ पडल्यावर वाट साफ होते का? आईबाबांचं तिकीट काढण्याआधी हे झालंच पाहिजे. वाट धड नसेल तर त्यांना सहा महिने ठेवून घेण्याचा आग्रह धरू नका, किंवा भाडेकरार संपताच घर बदला.