प्रेस डबल झाली म्हणे

अगं सुनीता, जरा भिंतीपाशी ये. मोठ्याने नको, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. पलीकडे वरच्या खोलीत ती लातूरकडची पोरं राहतात ना, त्यातला तो लांबोडका... हां, तोच, गणपतीत ढोल वाजवणारा. त्याची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून लागला होता. शॉपचं नाव मला ठाऊक आहे, पण ते माझ्या तोंडून नाही निघायचं.

आणि मालक काय म्हणतो, तर पोराचं लक्ष नव्हतं! हे ऐकलं आणि आमच्याकडे ह्यांचा पारा चढला. ह्यांचा उभा जन्म प्रेसवर गेलाय. म्हणाले, लक्ष कसलं घेऊन बसलात? शिफ्टभर हात आत घालायचा, पीस ठेवायचा, पेडल मारायचं, पीस काढायचा, पुन्हा तेच. कधीतरी हातापायाची चुकामूक होणारच. हात आत जाईल एवढी जागा का ठेवली, ते विचारा.

पण इथे चुकामूकही नव्हती. प्रेस डबल झाली म्हणे. म्हणजे असं बघ, जुन्या प्रेसला पिन क्लच असतो. पेडल मारलं की पिन अडकते, आणि मग वरचा भाग पूर्ण फेरा घेऊनच थांबतो. अध्येमध्ये ब्रह्मदेव आला तरी नाही. ती पिन झिजली, स्प्रिंग गेली की एका पेडलला दोन ठोके बसतात. पहिल्या ठोक्यानंतर पोरगा पीस उचलायला जातो आणि वरून दुसरा येतो. त्या आठवड्यात आधीही एकदा डबल झाली होती. याने सांगितलंही. सुपरवायझर म्हणाला, आज डिस्पॅच आहे, चालू दे.

“पण आता सेन्सर असतात ना काकू? आमचे हे सांगत होते.”

होता की! त्याच मशिनला होता. मोठ्या कंपनीचे साहेब ऑडिटला येतात, त्यांच्यासाठी बसवलेला. लाल दिवा लागायचा, साहेब फोटो काढायचे. एअर क्लचच्या प्रेसला सेन्सर लावला तर हात आत जाताच मशिन जागच्या जागी थांबतं. पिन क्लचला लावला तर एकवेळ पेडल अडवेल, पण एकदा सुटलेला ठोका त्याच्या बापाला थांबत नाही. तिथे जाळी हवी, पत्रा आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढ्याच फटीची. नाहीतर चिमटा. दोन्ही सेन्सरपेक्षा स्वस्त. पण जाळी फोटोत उठून दिसत नाही ना!

दोन हातांनी दाबायची बटणं असतात तिथे तरी काय होतं? टार्गेट वाढलं की एका बटणावर टेप. पोरंच लावतात, नाही म्हणत नाही मी. पण पीसचे पैसे वाढवून देणारा टेपकडे पाठ करून उभा असतो, त्याचं काय? नव्या मशिनला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि दर ठोक्याला सोडावी लागतात. तिथे टेपची मात्रा चालत नाही.

बोटं जोडता आली नाहीत. सोबतच्याने ती थेट बर्फात घालून नेली. खरं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायची, पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. पण या पोराची चेंगरलेलीच होती, तेव्हा बर्फाला तरी कशाला बोल लावा.

बरं, पुढचं ऐक. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड! संध्याकाळी बोटं गेली आणि रात्री कार्ड निघालं. म्हणजे इतके महिने काढलंच नव्हतं. आता उपचार चालू असेपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतील. मग बोर्ड बसेल. त्यांचा तक्ता ठरलेला आहे: अंगठा 30 टक्के, अंगठ्याशेजारचं अख्खं बोट 14, एका हाताची दोन गेली तर 20. कमवायची ताकद तेवढी गेली असं धरतात.

“अगं बाई! आणि ढोल?”

तो स्वतःच म्हणतो, टिपरू धरायला तीन पुरतात. आई गावाहून आलीय, तिच्यासमोर म्हणतो बहुतेक.

मालकाने दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? सगळ्यांना हातमोजे वाटले. पत्र्याची धार, काठावरची बर, याला हातमोजा ठीक. प्रेसखाली तो काय करणार? आणि ड्रिलवर तर घालायचाच नसतो, फिरत्या बिटात अडकला की हातासकट ओढतो. अंगठीचंही तसंच. ह्यांनी लग्नाची अंगठी कामावर कधी घातली नाही. मला आपलं नवीन नवीन भलतंच वाटायचं, सासूबाईंपर्यंत गेलं होतं प्रकरण.

तुझा भाचा सोमवारपासून चाकणला लागतोय ना? त्याला म्हणावं, पहिल्या दिवशी ईएसआयचा नंबर माग. प्रेसवर उभं केलं तर क्लच कुठला ते विचार. आणि डबल झाली तर लाल बटण दाबून बाजूला हो, शिव्या खाल्ल्या तरी चालतील. बाकी ह्यांनाच विचारायला पाठव. पण जेवून पाठव हं, क्लच म्हटलं की हे दोन तास सोडत नाहीत.