पळण्याची प्रतवारी

धोका दिसताच कर्तव्य सोडून पाठ फिरवणे म्हणजे भ्याडपणा. व्याख्या सोपी आहे. अडचण एवढीच की ती लावण्याआधी लढाईचा निकाल ठाऊक असावा लागतो. याचा दाखला हवा तर अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातले अडगाव पाहावे. इंग्रजी कागदपत्रांतले ‘अरगाम’ ते हेच.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी दिवस कलताना तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या सैन्यापुढे आली. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी रांग मोडून पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याहून भयंकर माऱ्यात हेच शिपाई पाय रोवून उभे होते. शौर्य अंगात कायमचे वस्तीला असते असे मानणाऱ्यांनी ही नोंद टाळलेली बरी. वेलस्लीने त्यांना थोपवले, आडोशाला नेले, पुन्हा रांगेत आणले आणि लढाई जिंकली. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे मग पत्रात लिहूनही टाकले. पळणारे भ्याड ठरले नाहीत. साहेबाच्या थोरवीचे पुरावे ठरले.

हरणाऱ्याला ही सवलत नसते. भोसल्यांच्या पायदळातली एक तुकडी गोऱ्या पलटणींवर चालून गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. तिची आठवण कोणाला नाही. चांदण्यात ज्यांचा पाठलाग झाला, तेवढे मात्र लक्षात राहिले. १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंग दरवाजापाशी लढताना पडला. गडाजवळच्या चिखलदऱ्याला हौसेने जाणाऱ्या अमरावतीकरांपैकी किती जणांना हे नाव सांगता येईल, हा प्रश्न न विचारणेच सभ्यपणाचे. दोन दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडून दिला. शिपायाने जागा सोडली की तो भेकड. राजाने प्रांत सोडला की ती मुत्सद्देगिरी. ऐन निवडणुकीत पक्ष सोडणारे पुढारी याच कलमाखाली सुटतात. त्यांचे पळणे विकासाच्या दिशेने असते.

१८५१ मध्ये इंग्रजांनी या जुन्या लढायांसाठी पदक काढले. त्यावर अरगाम आणि गाविलगड यांच्या स्वतंत्र पट्ट्या होत्या. ते मागायला माणूस ४८ वर्षांनंतर हयात असावा लागे. अडगावच्या रानात उभ्या जागी पडलेल्यांचा प्रश्न त्यामुळे आपोआपच निकाली निघाला. पहिल्या गोळ्यासरशी पळालेल्यांपैकी कोणी दीर्घायुषी निघाला असेल, तर त्याचा हक्क अबाधित होता.